पोर्टल म्हणजे काय?

पोर्टल या शब्दाचा मूळ अर्थ दरवाजा. जुन्या वाड्याला दिंडी दरवाजा एकच असे. आत शिरल्यावर मात्र ओसरी, माजघर, कोठार अशा वाटा फुटत. इंटरनेटवरील पोर्टलचे कार्य असेच असते. साधे संकेतस्थळ एका संस्थेची माहिती देऊन थांबते, तर पोर्टल अनेक ठिकाणची माहिती व सेवा एका पानावर आणून आपणांस हव्या त्या जागी पोहोचविते.

१९९४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरी यांग व डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी संकेतस्थळांची विषयवार यादी केली, तीच पुढे याहू झाली. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच वर्षी मुंबईत राजेश जैन यांचे इंडियावर्ल्ड व १९९६ मध्ये अजित बालकृष्णन यांचे रेडिफ सुरू झाले. बातम्या, क्रिकेट, पाककृती सारे एका दारी! १९९९ साली इंडियावर्ल्डचा सौदा ४९९ कोटींना झाला. पुढे गुगलसारखी शोधयंत्रे आली आणि अशा पोर्टलांचा बहर ओसरला.

शासकीय पोर्टलांचे मात्र उलट झाले. आज मोताळ्याहून मलकापूर-बुलडाण्यास कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींचा संबंध येतो तो 'महाडीबीटी'शी. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, परीक्षा फी अशा विविध विभागांच्या योजना येथे एकत्र आहेत. विद्यार्थी अर्ज भरतो, तो आधी महाविद्यालयाकडे व तेथून समाजकल्याण कार्यालयाकडे जातो. अर्ज कोठे आहे हे पोर्टलवर दिसते. त्रुटी असल्यास तो परत येतो. म्हणून 'अर्ज भरला, काम झाले' असे समजून स्वस्थ बसू नये. नेट कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर तर मुळीच देऊ नये, कारण पुढचे ओटीपी त्याच्याकडेच जातील.

माझी नोकरी बँकेत, त्यामुळे शेवटच्या टप्प्याविषयी थोडे अधिक सांगतो. रक्कम खाते क्रमांकावर नव्हे, आधार क्रमांकावरून येते. येथेच पुष्कळांची फसगत होते. आधार कितीही खात्यांना जोडलेले असले तरी सरकारी पैसे घेण्यासाठी एका वेळी एकच बँक नोंदलेली असते. यालाच 'सीडिंग' म्हणतात. आपण संमती देऊन नव्या बँकेत सीडिंग केले की जुन्या बँकेची नोंद जाते.

मागे एक विद्यार्थिनी आमच्या काउंटरवर पासबुक घेऊन रडकुंडीला आली होती. पोर्टलवर रक्कम जमा, पासबुकात शून्य. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन तिचे दुसरेच एक खाते उघडले होते आणि पैसे तेथे पडून होते. तिला त्या खात्याचा पत्ताही नव्हता! पैसे बुडाले नव्हते, पण वसतिगृहाच्या मेसचे बिल तोवर बापाने उसनवारी करून भरले होते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, अर्ज भरण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर जाऊन 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा. तेथे बँकेचे नाव दिसते. नाव अनोळखी असेल, तर आपल्या बँकेत आधारची झेरॉक्स व पासबुक घेऊन या आणि सीडिंगचा संमती अर्ज भरून द्या. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा पाहा, आणि आपल्या बँकेचे नाव आले की मगच महाडीबीटीचे पान उघडा.