अ‍ॅडम्स कुटुंब
अमेरिकन व्यंगचित्रकार चार्ल्स अ‍ॅडम्स (१९१२–८८) याने निर्मिलेले काल्पनिक, विक्षिप्त कुटुंब. ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकात १९३८ पासून त्याची व्यंगचित्रे प्रसिद्ध होऊ लागली. मूळ चित्रांत अनामिक असलेल्या पात्रांना दूरचित्रवाणी मालिकेच्या (१९६४–६६) निमित्ताने गोमेझ, मॉर्टिशिया इ. नावे मिळाली. मृत्यू, अंधार व यातनायंत्रे या मंडळींना प्रिय. परंतु पतिपत्नी परस्परांवर अनुरक्त असून मुलांच्या भीषण खेळांचे त्यांना कौतुक वाटते. घरी आलेला सभ्य पाहुणा घाबरून पळतो. त्याचे काय बिनसले, हे मात्र त्यांना उमगत नाही. या विपर्यासातूनच विनोद निर्माण होतो आणि प्रतिष्ठित समाजाच्या ‘सर्वसामान्य’पणाच्या कल्पनेचा उपहास साधतो. पुढे या पात्रांवर चित्रपट (१९९१, १९९३) व ‘वेन्सडे’ ही मालिका (२०२२) निघाली.