बांधीतले न दिसणारे मजूर

'घामाचा वास येणार नाही' असं लिहिलेले मोजे हॉस्टेलमध्ये पुष्कळांकडे आहेत. अशा काही मोज्यांत चांदीचे नॅनोकण असतात. नॅनोकण म्हणजे १ ते १०० नॅनोमीटरचा कण. १ सेंटीमीटरच्या घनाचे १० नॅनोमीटरचे तुकडे केले, तर त्याचा ६ चौरस सेंटीमीटरचा पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो! म्हणून हे कण इतके क्रियाशील. त्यांतून सुटणारे चांदीचे आयन जिवाणूंचं आवरण आणि एन्झाइम बिघडवतात. वास गायब!

पण मोजे धुतले की थोडी चांदी सांडपाण्यात जाते, गाळात साचते आणि तो गाळ खत म्हणून टाकला की शेतात पोचते. तिथे कोण असतं? आमच्या देवरीकडे उभ्या धानात लाखोळी फेकतात. तिच्या मुळांच्या गाठींतले रायझोबियम हवेतला नायट्रोजन धरून देतात, तेही फुकटात. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू तर चांदीपुढे फारच नाजूक. कणाला मित्र-शत्रू कळत नाही.

लगेच घाबरायचं कारण नाही. गाळात चांदीचं सल्फाइड झालं की तिचा विषारीपणा बराच उतरतो. आणि जस्त तर धानाला हवंच. कमी पडलं की खैरा रोग येतो. २०२४ मध्ये केंद्र सरकारने इफ्कोच्या नॅनो झिंकला मान्यता दिली. पण फवारा थोडा मातीवरही पडतोच, आणि जास्त झालेलं जस्त जिवाणूंना मारक ठरतं. प्रश्न मात्रेचा आहे.

तेव्हा नॅनोवर प्रोजेक्ट करणाऱ्यांनो, उत्पन्न जरूर मोजा; पण बांधीतली मूठभर मातीही तपासा. त्या मजुरांची हजेरी कोणीतरी घ्यायला हवी ना!