उंबरठ्याबाहेरची राखण

सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईच्या लोहमार्गावर सचिन हे गाव आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका शाखेला पेशवाईच्या काळात, १७९१ साली, ते मिळाले आणि १९४८ पर्यंत तेथे नवाबी नांदली. मराठी मुलखाशी या गावाचे नाते असे जुनेच आहे. आज सचिनची ओळख आहे ती औद्योगिक वसाहतीची. नंदुरबार, धुळे, जळगावकडून उधन्याच्या गाडीने आलेली आपली कितीतरी कुटुंबे सुरतेच्या या पट्ट्यात कापडधंद्याच्या आधाराने स्थिरावली आहेत.

घराची सुरक्षितता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चोर आणि कुलूप उभे राहते. गावी जाताना आपण शेजाऱ्यांना ‘घराकडे लक्ष असू द्या’ असे आवर्जून सांगतो. ते योग्यच आहे. परंतु सचिनमधील दोन दुर्घटना पाहिल्या म्हणजे कळते की, प्राणावर बेतणारे संकट दर वेळी कुलूप फोडूनच येते असे नाही.

६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे औद्योगिक वसाहतीतील नाल्यात एका टँकरमधून रासायनिक द्रव बेकायदा सोडण्यात आला. त्यातून विषारी वायू पसरला. जवळच्या गिरणीतील सहा कामगार प्राणास मुकले व वीसहून अधिक जणांना रुग्णालयात हलवावे लागले. पुढे ६ जुलै २०२४ रोजी सचिनच्याच पाली भागात भाड्याने दिलेली एक बहुमजली इमारत कोसळली आणि सात जण मृत्युमुखी पडले. ती इमारत २०१७ च्या सुमाराची, म्हणजे जेमतेम सात-आठ वर्षांची होती.

अशी संकटे बहुधा आधी वर्दी देतात. नाल्याकाठी अपरात्री थांबणारा टँकर कोणाच्या ना कोणाच्या दृष्टीस पडतो. खांबाची भेग, गिलाव्याचे ढलपे, उघडी पडलेली गंजकी सळई, एकाएकी अडकू लागलेले दार हे तर रोजचेच दर्शन. तरीही माणूस गप्प बसतो. भाडेकरूला खोली जाण्याचे भय, कामगाराला रोजी जाण्याचे. त्यात परप्रांतात उगाच वैर कशाला, हा विचार. एकट्याने बोलणे कठीण असते हे खरेच. म्हणून अर्ज एकाच्या नावाने न करता साऱ्या चाळीच्या सह्यांनी करावा. गुजराती शाळेत शिकणारी आपली मुले तो सहज लिहून देतील. २०२० पासून सचिन सुरत महानगरपालिकेत आहे. अर्ज तेथे द्यावा आणि पोच घेऊन ती जपून ठेवावी.

वायूविषयी प्रत्येक घरात काही गोष्टी माहीत असाव्यात. काही गंधकयुक्त रसायनांत आम्ल मिसळले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याला सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते. पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते व वास येईनासा होतो. तेव्हा वास थांबला म्हणजे धोका टळला, असे समजू नये. हा वायू हवेहून जड असल्याने सखल जागी साचतो. म्हणून नाल्याकडे न जाता वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर, शक्यतो उंच जागी जावे. बेशुद्ध पडलेल्याला ओढून काढण्यासाठी तसेच आत धावू नये. अशा धावण्यात मदतीला गेलेलेही दगावतात. १०१ वर अग्निशमन दलाला व १०८ वर रुग्णवाहिकेला तत्काळ कळवावे.

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी आपली म्हण आहे. ती खरी ठरू नये यासाठी आधीची तयारी हवी. आपली गणेशोत्सव मंडळे व हळदीकुंकवाचे मेळावे यांचा येथे उत्तम उपयोग होईल. वस्तीत रात्रपाळीला कोण जातो, म्हातारी एकटी कोठे राहते, जिन्यात सायकली व खोकी कोणाची अडकली आहेत, हे तेथे जमलेल्यांना ठाऊक असते. एवढी माहिती एका कागदावर उतरवून चाळीच्या दाराशी लावली, तर अडचणीच्या वेळी कोणाचे दार आधी ठोठवायचे हे शोधत बसावे लागणार नाही.