न भरणाऱ्या जखमेचा हिशेब ठेवा

रत्नागिरीकडे भाताची लावणी आटोपली की घरोघर पायांच्या तक्रारी सुरू होतात. चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातळावर अनवाणी चालून टाच सोलवटते, बागेत काटा मोडतो. बहुतेक जखमा आठ-पंधरा दिवसांत भरतात. पण एखादी महिना लोटला तरी ओलीच राहते. वाचकहो, अशा जखमेकडे दुर्लक्ष करू नका. तिच्यामागे पुष्कळदा मधुमेह, पायाला कमी पडणारे रक्त, फुगलेल्या शिरा किंवा कुष्ठरोगाने आलेली बधिरता असते.

बधिरता फार फसवी. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि जखम खोल जाते. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांची सेवा करताना हेच दाखवून दिले. बोटे आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नसल्याने वारंवार इजा होऊन ती जातात. पुढे अमेरिकेत त्यांनी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पावलांची चित्रे घेतली. जिथे जखम होऊ घातली आहे ती जागा आधीच गरम झालेली असते, हे त्यांत दिसे. दोन्ही पावलांच्या एकाच जागी सुमारे २.२ अंश सेल्सिअसचा फरक टिकून राहिला, तर आज डॉक्टर तो धोक्याचा इशारा मानतात.

तसा कॅमेरा गावात नसेल, पण मोबाइल आहे. रोज पाहणाऱ्या डोळ्याला जखमेतला फरक कळत नाही. पट्टी बांधणारे हातही बदलतात. पूर्वी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून तिची कड गिरवून घेत. तेच काम आता फोटो करतो.

फोटो कसा काढावा

आठवड्यातून एकदा, पट्टी बदलताना, जखम स्वच्छ केल्यावर फोटो काढा. मुलांच्या पट्टीवरून सेंटिमीटरच्या खुणा कागदाच्या चिठ्ठीवर उतरवा. त्यावर तारीख आणि डावा की उजवा पाय ते लिहा. चिठ्ठी जखमेशेजारी ठेवा, पण तिला चिकटू देऊ नका. जागा नेहमी तीच असावी. पडवीतला उजेड चांगला. कडक ऊन आणि फ्लॅश नको. विहिरीत डोकावावे तसा मोबाइल जखमेच्या बरोबर वर, सुमारे एक वीत अंतरावर धरा. एक फोटो पूर्ण पावलाचा, एक जवळून घ्या.

आता हिशेब करा. जखमेची सर्वांत जास्त लांबी आणि तिला काटकोनात रुंदी मोजून गुणाकार करा. लांबी ४ आणि रुंदी ३ सेंटिमीटर असेल तर १२. मधुमेही पायाची जखम उपचार चालू असताना चार आठवड्यांत साधारण निम्म्यावर, म्हणजे ६ वर यायला हवी. १० वरच अडली असेल तर उपचार बदलण्याविषयी डॉक्टरांना विचारा. रंगही पाहा. लालसर, दाणेदार तळ हे भरण्याचे लक्षण. पिवळा चिकट थर साफ करावा लागतो. काळा भाग मेलेला असतो.

फोटोवर विसंबू नका

फोटोत खोली नीट कळत नाही, वास येत नाही, नाडी लागत नाही. म्हणून मधुमेह असलेल्याने पायाची कोणतीही जखम लगेच डॉक्टरांना दाखवावी. काळे पडणे, दुर्गंधी, पसरणारी लाली, सूज, ताप किंवा हाड दिसणे यांपैकी काहीही आढळले, तर पुढच्या फोटोची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. राख, तंबाखू, शेण जखमेवर लावू नका.

फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका. तो रुग्णाचा आहे, त्याला विचारूनच दुसऱ्याला दाखवा. मात्र घरच्यांपासून लपवूही नका. मुंबईच्या मुलाला काळजी नको म्हणून कित्येक आई-वडील गणपतीपर्यंत गप्प बसतात. तेवढ्या दिवसांत बोट जाऊ शकते, कधी पाऊलही. दर आठवड्याचा फोटो त्याला पाठवा, आणि दवाखान्यात जाताना सारे फोटो तारखेच्या क्रमाने दाखवा. जखम भरते आहे की पसरते आहे, हे डॉक्टरांना त्यावरून पटकन कळेल.