लिस्बन ते पणजी : अंतर तेच, काळ निराळा

संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनचा किनारा सोडला आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. शिडाचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून येणार. वाटेत मोझांबिकला कित्येक महिने मुक्काम पडला. असा हा तेरा महिन्यांचा प्रवास!

आज पृथ्वीच्या गोलावरून जवळच्या वाटेने मोजले, तर लिस्बन व पणजी ह्यांमधील अंतर सुमारे ८,३०० किलोमीटर भरते. ताशी साडेआठशे ते नऊशे किलोमीटर वेगाचे विमान ते साडेनऊ-दहा तासांत कापील. परंतु हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात मध्येच कोठेतरी विमान बदलावे लागते, दुसऱ्या विमानाची वाट पाहावी लागते, आणि प्रवास तेरा-चौदा तासांचा किंवा त्याहूनही लांबचा होतो.

आमच्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांना ह्या हिशेबाने एक रात्र फार जड गेली. महिना जानेवारीचा. आई आजारी म्हणून मुलगा लिस्बनहून निघाला. "विमान दुपारी दोनला सुटते," एवढेच त्याने कळविले. कोणी सांगितले, दहा तास लागतात. पत्नीला शेजाऱ्यांवर सोपवून वडील रात्री बारा वाजता विमानतळावर हजर! मुलाचा पत्ता नाही, फोन लागत नाही. काय काय अभद्र त्यांच्या मनात आले असेल, ते सांगावयास नको. मुलगा उतरला सकाळी साडेआठला, आणि तोही अगदी वेळेवर.

चूक कोठे झाली? तिकिटावर जी वेळ छापतात, ती त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात लिस्बनचे घड्याळ आपल्या मागे साडेपाच तास चालते. तेथे दुपारचे दोन, तेव्हा येथे सायंकाळचे साडेसात. त्यात प्रवासाचे तेरा तास मिळवा, म्हणजे सकाळचे साडेआठ बरोबर येतात. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत पोर्तुगालमध्ये घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासांचाच उरतो.

आणखी एक गोष्ट. उंच आकाशात ह्या मार्गाच्या बऱ्याच भागात वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून घरी परतताना वारा पाठीशी असतो व जाताना तो तोंडावर येतो. जाण्यास सहसा अधिक वेळ लागतो.

तेव्हा परदेशी असलेल्या मुलांकडून घरच्यांनी निघण्याची वेळ विचारू नये. गोव्यास उतरण्याची वेळ व तारीख विचारावी. विमान कोठे बदलणार, तेही लिहून घ्यावे. जानेवारी २०२३ पासून गोव्यात दाबोळी व मोपा असे दोन विमानतळ आहेत. कोणत्या विमानतळावर जावयाचे, हे विचारण्यासही विसरू नये.

तेरा महिन्यांचे तेरा तास झाले, हे खरे. तथापि दाराकडे डोळे लावून बसलेल्या आईबापांना एकेक तास अजूनही तेवढाच मोठा वाटतो. मुलांनी दोन ओळी नीट लिहून पाठविल्या, तर तो पुष्कळ हलका होईल.