पाकिटामागची बारीक अक्षरे

हैदराबादेतल्या आम्हां मराठी मंडळींना औषधाच्या सल्ल्याची कधी वाण पडली नाही. घरात आजीबाईंचा बटवा, चारमिनारकडे युनानी हकीम, सुलतान बाजारात डॉक्टरांचे दवाखाने. आणि तिघांचेही ऐकून घेऊन शेवटी आपल्याच मनाचे करायचे, ही जुनी रीत. आता त्यात चौथ्याची भर पडली आहे. हा डॉक्टर खिशात राहतो, फी मागत नाही, आणि मोबाईलच्या पडद्यावरून दीड मिनिटात सांगतो की सकाळी उठून काय प्यावे, तूप खावे की टाकावे, भाताचे काय करावे.

माझ्या परिचयातल्या एका घरी या सल्ल्यांपायी एका वेळेला तीन स्वयंपाक होतात. सुनेने पोळी सोडली आहे, मुलाने भात सोडला आहे, आणि सासूबाईंनी दोघांच्या डॉक्टरांना सोडून तिसरा धरला आहे. हे हसण्यावारी नेता येते. पण सगळेच तसे नसते. रक्तदाबासाठी कमी सोडियमचे मीठ वापरा, असे पडद्यावरचा डॉक्टर सांगतो आणि ते पुष्कळांच्या बाबतीत खरेही असते. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. ऐकणाऱ्याचे मूत्रपिंड अधू असेल तर तेच पोटॅशियम रक्तात साचून हृदयाचा ठोका बिघडवू शकते. सांगणारा लबाड नव्हे. त्याला समोर कोण बसले आहे, एवढेच दिसत नाही. हकीम निदान नाडी तरी पाहत असे.

मग या व्हिडिओंचा उपयोग काय? मला वाटते, ज्या गोष्टी माणसागणिक बदलत नाहीत, त्या सांगण्यासाठी हे साधन फार मोठे आहे. याचा पुरावा आपल्याच शहरात मिळाला.

डॉ. शिवरंजनी संतोष या इथल्या बालरोगतज्ज्ञ. जुलाब झालेल्या मुलांना पालक ‘ओआरएस’ म्हणून जे देत होते, ते ओआरएस नव्हतेच, असे त्यांच्या ध्यानात आले. औषधाच्या दुकानात कागदी खोक्यांतून गोड, फळांच्या चवीची पेये विकली जात आणि त्यांच्या नावातच ही तीन अक्षरे असत. डॉक्टरीणबाई ती खोकी हातात धरून, मागचा बारीक मजकूर वाचून दाखवून, वर्षानुवर्षे व्हिडिओ करीत राहिल्या.

यातले शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. आतड्यात साखरेचा हात धरून सोडियम आत शिरतो, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. या जोडीचे प्रमाण नेमके लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेटचे क्षार. डॉक्टरीणबाईंच्या हिशेबाने त्या पेयांत लिटरला १२० ग्रॅमच्या घरात साखर भरत होती. जास्तीची साखर आतड्यातच राहते, शरीरातले पाणी आपल्याकडे ओढते, आणि जुलाब थांबण्याऐवजी वाढतात. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साध्या मीठ-ग्लुकोजच्या पाण्याने पटकीच्या साथीतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले होते. ज्याला आपण जलसंजीवनी म्हणतो, त्याचेच नाव लावून शरबत विकावे, यातली क्रूरता ध्यानात यावी.

केवळ पडद्यावर बोलून काम भागले नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी अन्न सुरक्षा प्राधिकरणाला पत्रे लिहिली, तेलंगण उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. प्राधिकरणाने २०२२ च्या एप्रिलात बंदी घातली आणि जुलैत, ‘हे ओआरएस नव्हे’ असा खुलासा छापण्याच्या अटीवर, तेच नाव पुन्हा वापरू दिले! नाव ठळक, खुलासा बारीक. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ती परवानगी मागे घेतली गेली. ती बातमी सांगतानाच्या व्हिडिओत बाईंना रडू आवरले नाही. आठ वर्षांचे ते रडू होते. कंपन्या दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्याच.

आपल्या तारनाक्याला १९५८ पासून राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात वेष्टनावरचा मजकूर वाचून वस्तू घ्यावी, असे स्पष्ट सांगितले आहे. पण तो जाड ग्रंथ काचीगुड्याच्या किती स्वयंपाकघरांत पोहोचला? व्हिडिओ पोहोचला. विद्वानांनी त्याला नाक मुरडण्याआधी याचा विचार करावा. अर्थात पांढरा कोट घालून स्वतःच्याच दुकानाची भुकटी विकणारेही याच वाटेने घरात येतात. केंद्र सरकारने २०२३ साली अशा सल्लागारांनी आपले शिक्षण सांगावे आणि जाहिरात असल्यास तसे उघड करावे, असे नियम केले. ते पाळले जातात की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मोबाईलवर पाहावे.

नातवाला जुलाब होत होते म्हणून मी मध्यंतरी दुकानातून भुकटीचे पाकीट आणले. घरी नेहमीप्रमाणे पेलाभर पाण्यात ते ओतायची तयारी झाली होती. मुलीने पाकीट उलटे करून वाचले: एक लिटर. काही लहान पाकिटे २०० मिलिलिटरचीही असतात. अंदाजाने पाणी घातले तर खरे ओआरएससुद्धा चुकीचे होते. घरात लिटरचे माप नव्हते. तिने पाण्याची रिकामी बाटली धुतली, तिच्यावरचा आकडा पाहिला, आणि उकळून गार केलेले पाणी मोजून घातले.