गाडीचे पाटे व शॉकअप : दुरुस्तीची वेळ कशी ओळखावी

पूर्वी आपल्या किनाऱ्यावरील माल बैलगाडीनें बंदरावर व तेथून गलबतानें मुंबईस जात असे. आज अलिबागचा पांढरा कांदा, श्रीवर्धनची सुपारी व मुरुडकडील आंबा टेम्पोंत भरून दूरच्या बाजारांत जातो. बैलगाडीस कमान नव्हती. पण तिची चाल बैलाच्या पायाची होती. वेगानें धांवणाऱ्या भरल्या गाडीचें तसें नाहीं. शिवाय मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचें चौपदरीकरण २०११ सालीं सुरू होऊन वर्षानुवर्षें रेंगाळलें. त्या काळांत खड्ड्यांनीं गाड्यांची काय दशा केली, हें पेण-नागोठण्याकडील शेतकऱ्यांस सांगावयास नको. त्यांत खाऱ्या हवेनें लोखंड लवकर गंजतें. म्हणून गाडीची कमान दुरुस्तीस केव्हां आली हें मालकास स्वतः ओळखतां आलें पाहिजे.

प्रथम दोन भागांचें काम समजून घ्यावें. पोलादी पट्ट्यांची कमान, म्हणजे पाटे, भार उचलतात व धक्का सोसतात. परंतु वाकलेला पाटा सरळ होतांना गाडीस पुनःपुन्हां उसळवितो. ती उसळी तेलाच्या नळकांड्यांतील दट्ट्या आवरतो; त्यासच गॅरेजांत शॉकअप म्हणतात. पाटा खचला तर गाडी बसते. शॉकअप निकामी झाला तर चाक रस्त्यास नीट टेकून राहत नाहीं. चाकच टेकलें नाहीं तर ब्रेक कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग काय? तेव्हां हा प्रश्न केवळ बसणाऱ्याच्या सुखाचा नाहीं. कार्ले खिंडीच्या वळणावर तो जिवाचा आहे.

पहिली परीक्षा मापाची. सर्व चाकांतील हवा योग्य प्रमाणांत भरून रिकामी गाडी सपाट जमिनीवर उभी करावी. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर दोन्ही बाजूंस टेपनें मोजावें. एका बाजूस तें स्पष्टपणें कमी भरल्यास तिकडील पाटा खचला किंवा मोडला असावा.

दुसरी परीक्षा उसळीची. जीप किंवा मोटार असल्यास तिचा एक कोपरा जोरानें दाबून सोडावा. ती एकदां वर येऊन स्थिर व्हावी; डुलतच राहिली तर शॉकअप थकला आहे. भरभक्कम टेम्पो हातानें दबत नाहीं. तेथें चालवितांना लक्ष द्यावें : खड्ड्यानंतर गाडी डुलत राहते काय, ब्रेक लावतांच पुढें फार झुकते काय, वळणावर पूर्वीपेक्षां अधिक कलते काय.

तिसरी परीक्षा डोळ्यांची व हाताची. पाट्यांवरील चिखल तारेच्या ब्रशानें काढून उजेडांत पाहावें. तडा बहुधा गंजाच्या बारीक रेघेसारखा दिसतो. पाटे एकमेकांवरून सरकलेले असल्यास त्यांना मधोमध जखडणारा सेंटर बोल्ट तुटला असण्याचा संभव आहे. मग आंस जागा सोडतो व गाडी तिरपी धांवते. शॉकअपवर तेलाचा ओघळ व त्यावर धूळ चिकटलेली असेल तर आंतील तेल गळत आहे. टायरवर तळहात फिरवावा. ठिकठिकाणीं खळगे लागले तर चाक उसळत चालत आहे. खड्ड्यांत ‘खट्ट’ असा आवाज येत असेल तर बुश झिजले किंवा यू-बोल्ट ढिले झाले असावेत. मात्र गाडी एका बाजूस ओढूं लागली म्हणजे दोष पाट्यांचाच असें नव्हे. हवा व ब्रेक आधीं तपासावे.

पाहणी करतांना केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये. खालीं भक्कम आधार द्यावा.

आतां कांहीं घातक उपायांविषयीं. मोडलेला पाटा वेल्डिंग करून वापरूं नये. उष्णतेनें पोलादाचें पाणी उतरतें व तो पुन्हां मोडतो. अधिक माल भरतां यावा म्हणून जादा पाटा घालणें म्हणजे पाट्याचा भार चासीवर व आंसावर ढकलणें होय. एका आंसावरील शॉकअप जोडीनेंच बदलावे. नवे पाटे बसविल्यावर कांहीं दिवस गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हां आवळून घ्यावेत.

ही पाहणी वर्षांतून दोनदां करावी : पाऊस संपून रस्ते वाळल्यावर एकदां व आंब्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं, फाल्गुनांत, दुसऱ्यांदां. गाडी पुळणीवर किंवा खाडीच्या पाण्यांत गेली असेल तर त्याच दिवशीं ती खालून गोड्या पाण्यानें धुवावी.

महसुलाची थकबाकी सालोसाल तुंबली म्हणजे शेवटीं जप्ती येते. पण त्यापूर्वीं नोटीस लागते. गाडीचेंही तसेंच आहे. कललेला सांगाडा, तेलाचा ओघळ, टायरचे खळगे या तिच्या नोटिसा होत. त्या वाचून वेळीं गॅरेज गांठणाऱ्याचा खर्च एका शॉकअपच्या जोडीचा. न वाचणाऱ्याची जप्ती भरल्या मालासह, भर रस्त्यांत होते.